शनिवारवाड्यांतील हांक

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयीं अशी लोकवार्ता आहे कीं, पौर्णिमेच्या रात्रीं तेथें "काका, मला वाचवा" अशी किंकाळी ऐकूं येते. ती नारायणराव पेशव्यांची, असें लोक समजतात. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी अद्यापि भुताखेतांस भितात. यास्तव या गोष्टीचा थोडा विचार करणें इष्ट आहे.

प्रथम जें घडलें तें पाहूं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, पगार थकल्याच्या मिषानें, गारदी वाड्यांत शिरले. नारायणराव अवघे १८ वर्षांचे होते. ते चुलते रघुनाथराव यांजकडे धांवले व त्यांस मिठी मारून जीवदान मागूं लागले. तें मिळालें नाहीं. "धरावें" याचें "मारावें" आनंदीबाईंनीं केलें, ही दंतकथा होय. परंतु पुतण्याचा खून झाला व चुलता गादीवर बसला, हें खरें.

आतां, मृत मनुष्य अडीचशें वर्षें ओरडत राहतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मृताचा आत्मा देवाच्या हातीं आहे. तो भिंतींत कोंडलेला नाहीं. वाड्यांतील इमारतीही १८२८ च्या आगींत जळाल्या. आज तट, दरवाजे व जोतीं तेवढीं उरलीं आहेत. मग ही हांक लोकांच्या कानांतून कां जात नाहीं? आमच्या मतें याचें कारण हेंच कीं, निरपराध्याचें रक्त विसरूं नये, असें मनुष्याचें अंतःकरण त्यास सांगत असतें. हाबेलाची गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे.

तथापि या लोकवार्तेंत एक उणीव आहे. तिनें हांक जतन केली, पण हांकेस ओ देणारे ती विसरली. चापाजी टिळेकर नांवाच्या सेवकानें धन्यावर आपलें अंग घातलें व तोही मारला गेला. पुढें न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशीअंतीं खुद्द रघुनाथरावांस दोषी ठरविलें आणि पुणें सोडलें. एकानें प्राण दिला, दुसऱ्यानें पद दिलें. कान मात्र दोघांनींही झांकले नाहींत.

आणि आपण? भुताच्या भयानें दार लावणारा मनुष्य, शेजारीं पोरक्या पुतण्याची जमीन चुलता हिरावून घेत असतां, अगर सुनेस मार बसत असतां, तेंच दार लावून स्वस्थ निजतो. मेलेल्याच्या हांकेनें जो थरथरतो, तो जिवंताच्या हांकेनें कूसही बदलत नाहीं. आम्हांस भय वाटतें तें याचें.

यास्तव, प्रिय वाचकहो, कोणी या वाड्याची गोष्ट सांगूं लागला तर त्यास चापाजीचेंही नांव सांगा. आणि रात्रीं गांवांत कोणी खरोखर हांक मारली, तर दिवा घेऊन बाहेर या.