खपलीच्या पानाशी

डोळे मिटू नका. आज उघड्या डोळ्यांनीच बसायचं आहे.

पौषातली सकाळ आहे. कृष्णाकाठचं काळं रान. वाई, कऱ्हाड, वाळवा, मिरज, तुम्हाला जे जवळचं असेल ते. बांधावर बसा. समोर खपली गव्हाचं पीक उभं आहे. एक पान हलकेच चिमटीत धरा, तोडू नका. श्वास आपोआप सावकाश होईल.

पान ओलं लागतंय ना? रात्रीचं दव आहे ते. तांबेरा म्हणजे गव्हावर येणारी बुरशी, तिला हेच दव लागतं. तांबेऱ्याचा बीजाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या मैदानी उन्हाळ्यात तो तग धरत नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर दर हंगामात नव्यानं येतो, हे करमचंद मेहता यांनी गेल्या शतकात उलगडून दाखवलं. पानावर उतरून ओल मिळाली की बीजाणूला बारीक कोंब फुटतो. कोंब पानावरून सरकत एखादं पर्णरंध्र गाठतो, आत शिरतो आणि पेशीची भिंत भेदून अन्न ओढू लागतो.

इथे जरा थांबा, घाई नाही.

आपल्या अंगात जंतू शिरला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. गव्हाच्या अंगात धावून जाणारं कुणीच नाही. प्रत्येक पेशी आपापल्या भिंतीत जागच्या जागी बंद. शेजारणींना रासायनिक निरोप जातो, पण जागा सोडून कुणी येऊ शकत नाही. जिच्यावर वेळ येते, तिलाच निभवावं लागतं. हातातल्या पानातली एक पेशी मनात धरा आणि हा एकटेपणा नीट समजून घ्या.

बुरशी आपली प्रथिनं त्या पेशीत सोडते, तिचा प्रतिकार दाबून टाकण्यासाठी. पण पेशीतही काही प्रथिनं पहाऱ्यावर असतात. त्यांतलं एखादं बुरशीचं नेमकं एक प्रथिन ओळखतं. ही ओळख पटल्यावर काय होतं, हे एसआर-३५ नावाच्या गव्हाच्या प्रथिनाबाबत २०२२ मध्ये रेणूच्या पातळीवर दिसलं. ओळख पटलेले पाच रेणू एकत्र येऊन कडं करतात, पेशीच्या पटलात वाट उघडते, बाहेरचं कॅल्शियम आत लोटतं आणि ती पेशी मरते.

तांबेरा फक्त जिवंत पेशीवर जगतो. मेलेल्या पेशीतून त्याला काहीच मिळत नाही, आणि तो तिथेच अडतो. रोगाला बळी पडणाऱ्या गव्हावर पुळ्या फुटतात, पानावरून बोट फिरवलं तर विटकरी भुकटी लागते. प्रतिकार करणाऱ्या पानावर सुईच्या टोकाएवढा फिकट ठिपका तेवढा राहतो. तसा ठिपका कुठे दिसतो का, बघा. दिसला तर त्याच्यावर नजर थोडा वेळ राहू द्या. तिथे काही पेशी गेल्या, म्हणून उरलेलं पान हिरवं आहे.

आता खपलीकडे बघा. तिचं नाव या मातीतून फार दूर गेलं. १९२२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हाइन यांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गहू निवडले. त्यांतल्या एकाचं नाव ‘खपली’च होतं. याच खपलीत तांबेऱ्याचा प्रतिकार करणारं एसआर-१३ हे जनुक सापडलं. युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या यूजी-९९ या तांबेऱ्यानं जगातल्या बहुतेक गव्हांचा प्रतिकार मोडला, पण एसआर-१३ त्याच्यापुढे टिकलं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ते जनुक नेमकं वेगळं काढलं. त्याचा प्रतिकार उबदार हवेत अधिक चांगला चालतो. तपासलेल्या खपलीवर्गीय आणि बन्सीवर्गीय गव्हांपैकी तिसऱ्या हिश्श्यात ते होतं. आपल्या रोजच्या चपातीच्या गव्हात जवळजवळ नव्हतंच. रोजच्या गव्हाकडे नाही ते खपलीपाशी आहे, हेच मला या सगळ्यात मोलाचं वाटतं.

म्हणून खपली अजिंक्य आहे असं मात्र नाही. एसआर-१३ ला न जुमानणारे तांबेरे इथियोपियात सापडले आहेत. एका जनुकाच्या भरवशावर पीक उभं राहत नाही. नाना वाण, नाना जनुकं रानात जिवंत असावी लागतात, आणि ती सतत पारखावी लागतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या थंड, दमट हवेत महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र हेच पारखण्याचं काम करतं.

पान सोडा आता. खपलीचं टरफल मळणीत सुटत नाही, ती कांडावी लागते, उतारा कमी पडतो. तिचा पेरा आक्रसला तो यामुळे. गिऱ्हाईक असेल तरच शेतकरी ती पेरणार. तेव्हा यंदा खिरीला, पुरणपोळीला खपलीच आणा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा, आणि रान असेल तर चार गुंठे तरी तिच्यासाठी ठेवा.