वाकडा टाका उसवावा काय?

अनेकांनी मिळून करावयाच्या कामात एकाचे हात उणे पडले, तर त्याचे काम इतरांनी गुपचूप सुधारावे की तसेच राहू द्यावे? प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु सत्य आणि दया या दोघींत कोणाची बाजू घ्यावी, असा पेच त्यात आहे.

गतवर्षी मार्गशीर्षात जबलपूर येथे ग्वारीघाटानजीक एका मराठी कुटुंबात काही भगिनी गोधड्या शिवण्यासाठी तीन दिवस एकत्र राहिल्या होत्या. गोधड्या नर्मदेच्या परिक्रमावासीयांना द्यावयाच्या होत्या. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. तिला उजव्या हाताशी ठेवून दोन्ही तीर पायी चालणाऱ्यास ऐन थंडीत पुष्कळदा घाटावरच पाठ टेकावी लागते. गोधडीला तिकडे कथरी म्हणतात, आपल्याकडे कोठे वाकळ. कृती साधी: जुन्या लुगड्या-धोतरांचे तीन-चार पदर एकावर एक अंथरावे आणि काठाकडून आत धावदोरा घालीत जावे. (नव्या कापडाचा येथे मान नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलेच अंगाला बरे लागते.)

त्या भगिनींत एक वृद्ध मावशी होत्या. दृष्टी मंद, बोटे थरथरणारी. त्यांच्या बाजूचे टाके वेडेवाकडे पडले. रात्री त्या निजल्यावर एक निपुण भगिनी म्हणाली, "एवढी ओळ उसवून मी नीट घालते. सकाळी मावशींना कळणारही नाही." दुसरी म्हणाली, "अहो वहिनी, त्यांचे दिवसभराचे श्रम पुसून टाकायचे?" यावर पहिलीचे उत्तर होते, "आणि पांघरणारा कुडकुडला तर?" हे उत्तरही खोटे नव्हते.

येथे प्रथम टाकाच नीट पाहिला पाहिजे. वाकडा टाका निराळा आणि सैल टाका निराळा. टाका सैल असला की पदर सरकतात, कापडाचे एकीकडे गोळे होतात, दुसरीकडे ते विरळ पडते आणि तेथून थंडी शिरते. घट्ट पण वाकड्या टाक्याने यातले काहीच होत नाही. मग तो उसवावासा वाटतो तो कोणासाठी? पांघरणारा अंधारात निजेल आणि पहाटे पुढच्या वाटेला लागेल. परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानास गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक म्हटले आहे. 'काय सुरेख शिवली आहे!' हे चार शब्दही परतफेडच होत.

टाका सैलच निघाला तर मात्र तो उसवलाच पाहिजे. मावशींचे मन राखण्यासाठी परक्या वाटसरूला थंडीत ठेवणे ही दया नव्हे. पण मग रात्री का? त्याच अध्यायातील वाणीच्या तपात सत्य, प्रिय, हितकर आणि उद्वेग न करणारे, अशा सर्व गोष्टी एकत्र मागितल्या आहेत. चोरून उसवण्यात उद्वेग टळतो, पण सत्य सुटते; चारचौघींत चूक दाखविण्यात सत्य राहते, प्रिय सुटते. सकाळी शेजारी बसून "मावशी, येथे पदर सरकतो आहे, तुम्ही धरा, मी दोरा ओढते," असे म्हणण्यास वेळ अधिक लागतो, इतकेच.

पुष्कळ घरांत वृद्ध वडिलांची हिशेबाची वही मुलगा रात्री हळूच दुरुस्त करून ठेवतो. हेतू चांगला असतो. परंतु चाळीस वर्षे ज्यांनी आकडे मांडले, त्यांना आपले अक्षर ओळखता येत नसेल, असे समजणे धाडसाचे आहे.