कुलूप लावले ना?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ बडनेऱ्याहून अकोल्यास नोकरीसाठी रोज रेल्वेने जा-ये करीत असत. गाडीने कुरुम सोडले की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जाई. पास जागेवर आहे, अशी खात्री पटे व हात खाली येई. माना आले की पुन्हा तेच, मूर्तिजापूर आले की पुन्हा तेच. खिडकीबाहेर न पाहता केवळ यांच्या हाताकडे पाहून स्टेशन ओळखता येते, अशी थट्टा डब्यातील सोबती करीत. अमरावतीच्या एक शिक्षिका उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तीनदा मोजीत. तिन्ही वेळा आकडा जुळला तरी चौथ्यांदा मुलीकडून मोजून घेत. मिस्सेच्या वेळी पुढची बाके रिकामी असतानाही नेहमी दाराजवळच्या शेवटच्या बाकाच्या कडेलाच बसणारे, गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर येऊन उभे राहणारे, खिशातील जपमाळेचे मणी प्रार्थनेसाठी नव्हे, तर बोटांना काहीतरी आधार हवा म्हणून चाचपणारे, अशी माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. कित्येकदा ती आपण स्वतःच असतो.

आपण अशा सवयींना हसतो. हसण्यात दुष्टावा असतोच असे नाही. परंतु या हसण्याखाली एक प्रश्न दडून राहतो व तो आम्हांस गेली काही वर्षे छळीत आहे. धास्तावलेल्या माणसाने पाचव्यांदा तोच प्रश्न विचारला, तर त्याला आपण काय देणे लागतो? उत्तर की मौन? धीर की सत्य? हा प्रश्न आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. तो आमच्या आत्याने आमच्यापुढे ठेवला. तसा ठेवण्याचा तिचा हेतू नव्हता.

आत्या अकोल्यास जुन्या शहरात राहते. वैधव्य लवकर आले. दोन मुले तिने शिवणकामावर वाढवली. तिच्या घरी गेल्यावर पाहुण्यास प्रथम दिसतात ती भांडी. हंडे, घागरी, पिंपे, बादल्या, इतकेच काय, वरणाची मोठी पातेलीसुद्धा पाण्याने काठोकाठ भरलेली. रात्री दोनदा उठून ती नळ उघडून पाही. नवख्या माणसास हे वेड वाटेल. पण अकोल्यात ज्यांनी संसार केला त्यांना यात वेड दिसणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ठाऊक असलेल्यांना विहिरीच्या मचूळ पाण्याबद्दल काही सांगावे लागत नाही. आणि काटेपूर्णेवरील महानच्या धरणातून येणारे गोड पाणी नळाला किती दिवसांआड येईल, हे उन्हाळ्यात कोणी छातीठोक सांगू शकत नसे. पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या मे महिन्यात रिकामी घागर म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याने रात्री दोनदा उठून नळ पाहिला तर त्याला आम्ही शहाणाच म्हणू.

कुलपाचे मात्र तसे नव्हते. कुलूप लावून झाल्यावर आत्या ते ओढून पाही. चार पावले जाऊन परत येई, पुन्हा ओढी. गल्लीच्या तोंडाशी पोहोचल्यावर आमच्यापैकी कोणाला तरी म्हणे, “एकदा पाहून ये नं बाप्पा.” त्यानंतर गॅस. त्यानंतर मागचे दार. एखादे दिवशी हे सर्व पाच मिनिटांत आटपे. एखादे दिवशी बाहेर जाण्याचा बेतच रद्द होई. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आमच्या घरात तिच्यामुळे रोजच्या वापरात होती.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अमरावतीस घरचे लग्न होते. आत्याला आणण्यासाठी आम्ही दोघे भावंडे अकोल्यास गेलो. रिक्षा दारात उभी होती, गाडीची वेळ झाली होती. स्टेशनवर पोहोचल्यावर तिने विचारले, “गॅसचं रेग्युलेटर बंद केलं नं?” आम्ही म्हणालो, “हो.” फलाटावर तिने पुन्हा विचारले. गाडी समोर येताना दिसत होती आणि आत्याचे पाय परतीच्या दिशेने वळत होते. तेव्हा आम्ही दोघांनी, एकमेकांकडे न पाहता, सांगून टाकले, “आत्या, निघताना आम्ही स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांनी पाहिले. बंद आहे.” आम्ही स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नव्हते.

आत्या शांत झाली. गाडीत बसली. काटेपूर्णा येईपर्यंत तिने आम्हांस बोरे दिली व लग्नातील आहेराविषयी बोलली. इतकी निश्चिंत आम्ही तिला क्वचितच पाहिली होती, आणि आपण केवढे मोठे पुण्य केले, असे आम्हांस वाटले.

तीन दिवसांनी तिला पोहोचविण्यास गेलो. शेगडी बंद होती. रेग्युलेटर मात्र उघडे होते. काही बिघडले नव्हते, वासदेखील नव्हता. आत्याने ते वळवून बंद केले व आमच्याकडे वळून एवढेच म्हणाली, “तुमी पाह्यलं होतं नं?”

त्या दिवसापासून तिने कोणाला ‘पाहून ये’ म्हटले नाही. ती स्वतः जाऊ लागली. आधी चारदा, मग आठदा, मग मोजदाद ठेवण्यात अर्थ उरला नाही. आमच्या शब्दावर ती इतकी वर्षे दारातून बाहेर पडत होती. तो शब्द आम्ही एका गाडीच्या वेळेसाठी खर्चून टाकला.

संत ऑगस्टीनने असत्य या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. सदिच्छेने बोललेले असत्यही त्याने योग्य मानले नाही. तरुणपणी आम्हांस ही भूमिका अमानुष वाटे. आजही ती सर्व प्रसंगी पेलेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु चिंतातुर माणसाच्या बाबतीत तिचे मर्म निराळ्या वाटेने आमच्या ध्यानी आले. ज्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरत नाही, तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर जगतो. ते डोळे खोटे निघाले की त्याला उभे राहण्यास जमीनच राहत नाही. आमचे असत्य ज्या दिवशी बोलले गेले त्या दिवशी ते दयाळू होते. त्याची किंमत पुढे आत्याने चुकवली.

मग प्रत्येक वेळी खरे उत्तर दिले असते तर? येथे आम्हांस एक जुना शब्द आठवतो. मनाच्या या व्याधीला लॅटिन भाषेने ‘स्क्रुप्युलस’ म्हटले. त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत शिरलेला खडा केवढासा असतो, पण पाऊल टाकू देत नाही. या खड्याची पुरती ओळख संत इग्नेशियस लोयोलास होती. १५२२ साली मान्रेसा येथे राहत असताना, आपण केलेल्या पापनिवेदनात काहीतरी राहून गेले, या शंकेने तो इतका पछाडला गेला की पुन्हा पुन्हा तीच पापे सांगू लागला. सर्व काही लिहून काढून सांगितले, तरी शंका उरलीच. जीव द्यावा, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पुढे धर्मगुरूने त्याला सांगितले की, अगदी स्पष्ट असल्याखेरीज मागचे काही सांगू नये. हा सल्ला शहाणपणाचा होता, तरी उपयोगी पडला नाही. कारण इग्नेशियसला सर्वच स्पष्ट वाटत होते! अपवादाची एवढीशी फट ठेवली आणि शंका तीतून आत आली. अखेरीस, मागचे काहीही पुन्हा सांगायचे नाही, असा निश्चय त्याने स्वतः केला, तेव्हा सुटका झाली. त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाच्या अखेरीस अशा शंकांवर काही टिपणे आहेत. अशी शंका काही काळ माणसास उपकारकही ठरते, असे तो तेथे म्हणतो. काही काळ, हे शब्द विसरू नयेत.

हे केवळ धर्मजीवनातलेच आहे असे मात्र नव्हे. इंग्रजीचा थोर कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन दारातून आत-बाहेर करताना ठरावीक पावलांनीच उंबरा ओलांडी. पावले चुकली तर मागे जाऊन पुन्हा चाले, आणि मग सोबत्यांना गाठी. त्याचा चरित्रकार बॉझवेल याने हे नोंदवून ठेवले आहे. जॉन्सनचा शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. उंबऱ्यापाशी अडणाऱ्या माणसास मोठी कामे साधत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी तो कोश एकदा हातात धरून पाहावा.

धर्मगुरूंनी अनुभवाने जे ओळखले होते त्याचा मानसशास्त्राने पुढे निराळ्या मार्गाने शोध घेतला. १९६६ साली व्हिक्टर मेयर या लंडनमधील मानसशास्त्रज्ञाने अशा रुग्णांवर केलेला उपचार प्रसिद्ध केला. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर रुग्णास न्यायचे, पण धुणे, तपासणे वगैरे सवयीची कृती करू द्यायची नाही; त्या वेळी कोणीतरी त्याच्यासोबत राहायचे. धास्ती चढते आणि, रुग्णास अशक्य वाटले तरी, आपोआप उतरते. २००३ साली नेदरलंड्समधील व्हॅन डेन हौट व किंट या संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी लोकांकडून वारंवार तपासून घेतली. हे लोक निरोगी होते, आत्यासारखे नव्हते. पुन्हा पुन्हा तपासल्यावर त्यांची स्मृती फारशी चुकली नाही. परंतु त्या स्मृतीवरचा त्यांचा विश्वास ढासळला, चित्र धूसर झाले. हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले. खात्रीसाठी केलेली कृतीच खात्री खाऊन टाकते. पाचव्यांदा दिलेले खरे उत्तरदेखील मग सहाव्या प्रश्नाचे बियाणे ठरते.

तरीही एक सावधगिरी बाळगावी लागते. आमच्या वऱ्हाडात चिंता नेहमीच मनाचा खेळ नसते. दर्यापूर-भातकुलीकडील कोरडवाहू कास्तकार जूनमध्ये पेरणी करून रात्री अंगणात येऊन आभाळ पाहतो; मृगाने दगा दिला तर दुबार पेरणीचे बियाणे कोठून आणायचे, याचा हिशेब सुपारीच्या खांडाबरोबर तोंडात घोळवतो. त्याला ‘पाहू नकोस’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याचे आभाळ खरोखरच रिकामे असते. खेड्यांत या अवस्थेला एकच शब्द आहे, ‘टेन्शन’. त्यात कर्ज, झोप न लागणे, छातीतील धडधड सर्व मावते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प दीड वर्ष चालला. त्याचा विषय मुख्यतः नैराश्य हा होता. गावातीलच कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत, ऐकत, गरज पडेल तेथे डॉक्टरांपर्यंत नेत. २०१७ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. यात कास्तकाराचे कर्ज फिटले, असा दावा कोणी करीत नाही. पण ऐकणारा माणूस दारात आला, तर आपले लोक बोलतात, एवढे त्यावरून दिसते. एरवी आम्ही त्यांना काय सांगतो? ‘विश्वास ठेवा, देव पाहून घेईल.’ अस्वस्थ माणसाला श्रद्धेच्या नावाने दरडावण्यासारखी निर्दयता नाही, असे आता आम्हांस वाटते. त्याच्या ओझ्यावर आपण अपराधाचा आणखी एक धोंडा ठेवतो.

आणि जी सवय कोणाचे काही बिघडवीत नाही, तिला हात लावण्याचेही कारण नाही. बडनेऱ्याचे गृहस्थ खिसा चाचपत चाचपत अकोल्यास वेळेवर पोहोचत होते. दाराजवळ बसणारा माणूस मिस्सेला येत होता. सवय माणसाला घराबाहेर काढते की घरात कोंडते, हे पाहावे. कोंडत असेल तर वैद्यकीय मदत घेण्यात लाज बाळगू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ या क्रमांकावरील सेवाही आहे. आत्याला डॉक्टरांकडे नेण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. त्यातील दीड वर्ष आमच्याच संकोचात गेले.

त्याआधी आम्ही तिच्याकडे एक कबुली दिली. स्टेशनवर खोटे बोललो होतो, असे सांगितले. तिला ते ठाऊकच होते, अर्थात. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “मंग आता खरं सांगसान, पन एकदाच सांगजा. मी दुसऱ्यांदा इचारीन, तवा नोका सांगू.”

हा करार तिनेच ठरविला. डॉक्टरांनी पुढे जे सुचविले ते यापेक्षा फार निराळे नव्हते.

गेल्या महिन्यात ती अमरावतीस येण्यास निघाली. आता तिचा मुलगा तिला बसमध्ये बसवून देतो. बस सुटताच तिचा फोन आला. मुलाने आमच्यासमक्षच फोनवर सांगितले होते, म्हणून आम्ही म्हणालो, “कुलूप लावले आहे, आत्या. आम्हांस त्याने सांगितले.” दोन मिनिटांनी पुन्हा फोन. “कुलूप...” एवढे बोलून ती थांबली. आम्हीही काही बोललो नाही; फोन मात्र ठेवला नाही. पलीकडून बसचा खडखडाट, कंडक्टरची घंटी आणि तिचा जलद चालणारा श्वास ऐकू येत होता. श्वास हळूहळू संथ झाला. “बोरगाव आलं,” ती म्हणाली, आणि मग अमरावतीस आमच्याकडे पाणी कोणत्या वेळी येते, हे विचारू लागली.