चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह

मराठवाड्यात दुखणं एका टप्प्यापलीकडे गेलं की अजूनही घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता हैदराबादलाच दाखवू." १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. पुढे सरहद्द हलली, पण आजाऱ्यांची वाट काही हलली नाही. देवगिरी किंवा अजिंठा एक्स्प्रेसने यायचं, डोळ्यांचं असेल तर बंजारा हिल्सला एल. व्ही. प्रसादमध्ये जायचं, नसांचं किंवा मेंदूचं असेल तर पंजागुट्ट्याला निम्समध्ये. काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार इथल्या मराठी घरांना 'दवाखान्याला आलेले पाहुणे' नवे नाहीत. हातात पिशवी, पिशवीत फाइल, फाइलमध्ये आधीच्या चार डॉक्टरांचे कागद. या पाहुण्यांपैकी पुष्कळांना आजार काय आहे हेच अजून कळलेलं नसतं. उपचार पुढची गोष्ट, ते आलेले असतात ते कळायला.

पहिल्या डॉक्टरची शंका आणि शेवटचा रिपोर्ट यांच्यामधले हे दिवस दवाखान्याच्या हिशेबात नीट धरलेले नसतात. डॉक्टरांच्या लेखी तेव्हा काहीच घडत नसतं, तारीख दिलेली असते. आजाऱ्याच्या लेखी मात्र सगळं त्याच दिवसांत घडतं.

नांदेडहून नात्यातल्या एक काकू आमच्याकडे आल्या होत्या. उजव्या हातातून वस्तू निसटायच्या, दंडाचं मांस मधूनच आपोआप फडफडायचं. त्यांना नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी या तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि तारीख पुढच्या आठवड्यातली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात घाईघाईने काढलेलं एक प्रश्नचिन्ह होतं आणि त्यापुढे तीन अक्षरं, एमएनडी. मुलाने ती अक्षरं दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मोबाइलवर टाकली. मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार. घरी पोचेपर्यंत त्याचा चेहरा असा झाला होता की काकूंना काही विचारायची गरजच उरली नाही.

आता हे प्रश्नचिन्ह डॉक्टरांच्या डोक्यात काय म्हणत असतं? हाताची ताकद कमी होण्यामागे बहुतेक वेळा मानेत किंवा मनगटात दबलेली नस निघते. पण डॉक्टर तपासणी लिहितात तेव्हा सगळ्यात शक्य ते लिहितीलच असं नाही. जे चुकून सुटता कामा नये, ते लिहितात, म्हणजे ते बाद करता येईल. आजाऱ्याला यातलं कुणी सांगत नाही. डॉक्टरने 'हे नाही ना, एवढं बघा' म्हणून काढलेलं चिन्ह तो 'हे आहे का?' असं वाचतो, आणि रात्री दोन वाजता 'हेच आहे' असं. दोघांच्या वाचनातलं हे अंतर दोन वाक्यांत मिटू शकतं. ओपीडीच्या गर्दीत तेवढाही वेळ नसतो असं म्हणतात. मला ते पटत नाही. चिठ्ठी लिहायला वेळ होता.

त्या जागी मिळतो तो धीर. 'काही निघणार नाही बघ.' 'पॉझिटिव्ह राहा.' 'मन दुसरीकडे लाव.' धीर देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण 'काही निघणार नाही' हे त्याला माहीत नसतं, आणि आजाऱ्याला हे पक्कं माहीत असतं की त्याला माहीत नाही. त्यामानाने तपासणीच्या दाराशी बसलेल्या वॉर्डबॉयचं दखनी मला जास्त प्रामाणिक वाटलं. "टेन्शन नक्को लेओ अम्मा, नंबर आया तो मैं आवाज देतूं." त्याने निकालाबद्दल अक्षर काढलं नाही. स्वतःच्या हातात होतं तेवढं सांगितलं, आणि काकू त्या दिवसात पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या.

न कळण्याचा हा ताण काही काकूंपुरता नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड, त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसांना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना आला. अमेरिकेत एल्विरा लँग यांच्या गटाने २००९ साली स्तनाच्या गाठीची बायोप्सी झालेल्या १२६ स्त्रियांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. निकाल अनिश्चित राहिलेल्यांचं कॉर्टिसॉल कर्करोग निघालेल्यांसारखंच बिघडलेलं होतं, गाठ साधी निघालेल्यांसारखं नव्हतं. म्हणजे वाट पाहणाऱ्याची भीती हा मनाचा दुबळेपणा नव्हे. न कळण्याला शरीर जे उत्तर देतं ते हे आहे. म्हणूनच मला वाटतं, भीतीवरचा उतारा आजाऱ्याच्या स्वभावात शोधणं हीच मुळात चुकीची जागा आहे. बरीचशी भीती ही त्याच्यापर्यंत न पोचलेली माहिती असते.

एक गंमत म्हणजे नर्व्ह कंडक्शनमध्येही हाताला विजेचे झटकेच देतात. मनगटावर, कोपरावर कळ उठते आणि बोट आपोआप उडतं. मग ईएमजीची बारीक सुई स्नायूत जाते आणि यंत्राच्या स्पीकरमधून आवाज येतो. स्नायू सैल सोडला की शांतता असावी, आवळला की खडखडाट. डॉक्टर तो आवाज ऐकत असतात आणि आजारी माणूस डॉक्टरांची भिवई वाचत असतो. त्यांनी सुई दुसऱ्यांदा घातली म्हणजे काय, मशीनकडे वळले म्हणजे काय, असले अर्थ काकूंनी रात्रभर लावले. सुई अनेक ठिकाणी घालावीच लागते, हे आधी सांगितलं असतं तर निदान तेवढी एक रात्र वाचली असती.

भीतीचा दुसरा खेळ अंगात चालतो. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि बोटांत, ओठांभोवती मुंग्या येतात. जागरण आणि चहा-कॉफीवर चहा-कॉफी झाली की पापणी आणि पोटरी फडफडायला लागते. ज्या लक्षणांची धास्ती, तीच लक्षणं धास्तीतून उगवतात. हे सांगणं उपयोगाचं आहे, पण जपून सांगावं लागतं. आपल्याकडे त्याचं लगेच 'मनाचे खेळ आहेत' होतं, आणि एकदा तो शिक्का बसला की पुढची खरी तक्रारही कुणी ऐकत नाही, विशेषतः बाईची. भीती खरी आणि आजारही खरा, असं एकाच अंगात असू शकतं. शिवाय काही गोष्टी तारखेसाठी थांबत नाहीत. एक बाजू अचानक लुळी पडणं, बोलणं अडखळणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं, लघवीवरचा ताबा जाणं. असं काही झालं तर भीती आवरत बसू नये, थेट इमर्जन्सी गाठावी.

'मन दुसरीकडे लाव' या सल्ल्याचं काय? कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेचा निकाल काही महिन्यांनी लागतो. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या परीक्षार्थींचा अभ्यास केला. काळजी दाबायची, मनातून काढायची, आधीच वाईटाची तयारी ठेवायची, यातल्या कशानेच वाट पाहणं सुसह्य झालेलं दिसलं नाही. नंतरच्या त्यांच्या कामात एक गोष्ट थोडी उपयोगी ठरली, ती म्हणजे माणूस पूर्ण गुंतून जाईल असं काम. टीव्हीने ते होत नाही. काकूंनी आमच्या घरची पोतंभर ज्वारी निवडून ठेवली. दुबळ्या बोटांनी, हळूहळू, खडा सापडला की बाजूला. त्यांना कुणी मन रमवायला सांगितलं नव्हतं.

आपल्या घरांतला याहून अवघड भाग वेगळाच आहे. काकूंच्या मुलाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, काहीही निघालं तरी आईला सांगू नका. हे प्रेमापोटीच असतं, आणि ते फसतंच. आजारी माणूस त्या दिवसांत घरातल्यांच्या चेहऱ्यांचा तज्ज्ञ झालेला असतो. मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला, यातून तो जे ताडतो ते बहुधा खऱ्याहून भयंकर असतं. माझ्या मते, 'आम्हालाही अजून माहीत नाही' हे वाक्य उघड म्हणणं हीच त्या दिवसांतली मोठी मदत. ५ मार्च २०१८ ला अभिनेता इरफान खानने नेमकं तेवढंच जाहीर केलं होतं. काहीतरी दुर्मीळ आहे, पक्कं निदान आठ-दहा दिवसांत होईल, तोवर तर्क करू नका. वाहिन्यांनी तर्क केलेच. पण त्याने स्वतःची अनिश्चितता लपवली नाही, आणि १६ मार्चला आजाराचं नावही स्वतःच सांगितलं.

राहिला यंत्रणेचा प्रश्न. तेलंगणाची मोफत सरकारी तपासण्यांची योजना २०१८ पासून आहे. बस्ती दवाखान्यात घेतलेलं रक्त नारायणगुड्याच्या केंद्रात जातं आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. खासगीतही आता रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर, पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८ हजारांहून अधिक रुग्णांपैकी सुमारे ९६ टक्क्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी पाहिलेला नसला तरी रिपोर्ट आम्हाला लगेच हवा. पण रिपोर्टमधला ठळक अक्षरांतला आकडा काय असतो? बहुतेक तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा शंभर निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ जणांच्या आकड्यांवरून आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. १९९४ सालच्या एका नावाजलेल्या अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआयमध्ये निम्म्याहून अधिकांची चकती फुगलेली सापडली होती. हे एका ओळीत रिपोर्टखाली छापता येतं. चिठ्ठीवरही छापता येतं: ही तपासणी कशासाठी, निकाल कोणत्या दिवशी, आणि तो समजावून कोण सांगणार, त्या माणसाचं नाव. यंत्रांवर कोट्यवधी ओतणाऱ्या शहरात हा खर्च कागदाच्या शाईचा आहे.

काकूंचं निदान मानेतल्या नसेचं निघालं, म्हणून मी हे हलक्या मनाने लिहू शकतो. सगळ्यांचं तसं निघत नाही, आणि पुष्कळांचं काहीच निघत नाही. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या पाहणीत मेंदूविकार विभागात नव्याने आलेल्या सुमारे ३० टक्के रुग्णांची लक्षणं कुठल्या आजाराने नीट उलगडत नव्हती. जनुकीय तपासण्यांत तर 'बदल सापडला, पण त्याचा अर्थ आज सांगता येत नाही' असाही निकाल असतो. उप्पलच्या सीडीएफडीसारख्या संस्थेत अशा तपासण्या होतात. त्या निकालाची वाट आठवडेच्या आठवडे पाहावी लागते, आणि शेवटी पुन्हा प्रश्नचिन्हच हाती येतं. अशा माणसाला आपण 'चला, नॉर्मल आहे' म्हणून फाइल बंद करून गाडीत बसवून देतो. मुंग्या त्याच्याबरोबर परत जातात. 'नॉर्मल'खाली स्वतःच्या हाताने पुढची तारीख घालणारे, आणि 'अजून कळलेलं नाही, तीन महिन्यांनी परत बघू' असं लिहिणारे डॉक्टर या शहरात मी पाहिले आहेत. त्यांच्या ओपीडीत गर्दी इतरांपेक्षा कमी नसते.