सोनापूरचे हसणे

शनिवार-रविवार आला की आमच्या कर्जत-नेरळच्या रस्त्यांवर मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. कोणी फार्महाऊसवर जातो, कोणी माथेरानला, कोणी पेठच्या किल्ल्यावर. वाटेत ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी लागली की गाडी थांबते. उघड्या अंगाची पोरे गोळा होतात, फोटो निघतात, बिस्किटांचे पुडे वाटले जातात आणि एक वाक्य हमखास कानावर पडते, "यांच्याकडे काही नाही, तरी बघा किती सुखी आहेत!"

हे वाक्य ऐकले की आम्हाला राग येतो. त्या पोरांपैकी कोण दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर जाणार आहे, हे गाडीवाल्याला ठाऊक नसते. आम्हाला ठाऊक असते. तरीही तीच चूक आम्ही स्वतः परदेशात जाऊन केली. ती कबूल करावी आणि तिच्याबद्दल थोडा विचार करावा, एवढ्यासाठीच हा लेख.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावाने आम्हाला दुबईला बोलावले. चार दिवस त्याने शहर दाखवले. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा मान मोडेपर्यंत पाहिला. पाचव्या दिवशी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. हा खालापूर तालुक्यातला मुलगा, नववीतून शाळा सोडून गेलेला. म्हणाला, "सर, इथवर आलात आणि माझ्याकडे जेवणार नाही?"

तो सोनापूरला राहत होता. नकाशावर त्या भागाचे नाव मुहैस्नाह, पण आपल्या मजुरांनी त्याला सोनापूर केले. या नावाने आम्ही जरा दचकलो. मुंबईच्या जुन्या माणसांच्या बोलीत सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सकडची स्मशाने आणि कब्रस्ताने. दुबईच्या सोनापुरात मजुरांच्या वसाहती आहेत आणि परदेशी माणूस तिथे वारला तर मायदेशी पाठवण्याआधी त्याच्या मयतावर लेप देण्याचे केंद्रही याच भागात आहे. म्हणजे नाव दोन्ही अर्थांनी खरे ठरले.

रविवारची संध्याकाळ होती. एका खोलीत आठ माणसे, एकावर एक पलंग, प्रत्येकाने आपल्या पलंगाला चादरीचा पडदा बांधलेला. आपले घर म्हणायला तेवढीच जागा. दोघे तेलंगणाचे, एक बिहारचा, तिघे बांगलादेशी, एक पेशावरचा आणि आमचा विद्यार्थी. त्याने आईने पाठवलेला सुका जवळा कांद्यावर परतला होता, पेशावरच्या माणसाने खुबूस आणले होते. खाली बसून एकाच थाळीत जेवलो. थट्टामस्करी चालली होती. बिहारी भाऊ सगळ्यांच्या बायकांची नक्कल करून दाखवत होता आणि खोली हसून लोटपोट होत होती. आम्हीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. परतताना मामेभावाच्या गारगार फ्लॅटमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हते. तेव्हा मनात आले, खरे सुख तर आपण मागे सोडून आलो!

हा विचार आम्ही सामानासारखा बांधून घरी आणला. स्टाफरूममध्ये सांगितला, मुलांना सांगितला. पैशात सुख नसते, माणसांत असते. कनाअत असेल तर आठ फुटांची खोलीही महाल होते, असे पुष्कळ बोललो. विद्यार्थ्याच्या घरी जाऊन त्याच्या आईलाही म्हणालो, "अगदी मजेत आहे तुमचा मुलगा. काळजी करू नका."

महिन्याभराने रात्री त्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. "सर, तुम्ही अम्मीला काय सांगितलंत? ती आता धाकट्यालाही पाठवायला निघालीय. सर सांगतात म्हणजे खोटं कसं असेल, म्हणते." मग त्याने जेवणाच्या दिवशी न सांगितलेले सांगितले. एजंटाला दिलेले पैसे व्याजाने काढलेले होते आणि तीन वर्षांत मुद्दल सरले नव्हते. पहाटे साडेचारला बस यायची. जून ते सप्टेंबर दुपारचे साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे, पण बाराच्या आधी आणि तीनच्या नंतर ऊन काही सुट्टीवर जात नाही. बहिणीचे लग्न त्याने फोनच्या पडद्यावर पाहिले होते. आम्ही विचारले, "मग त्या दिवशी इतका हसत कसा होतास?" तो म्हणाला, "घरी पाहुणे आल्यावर तुम्ही रडता का, सर?"

या प्रश्नाला आमच्या बी.एड.च्या अभ्यासात उत्तर नव्हते.

त्या खोलीतले हसणे खोटे होते, असे आम्ही अजूनही म्हणणार नाही. ते खरेच होते. पण ते त्या माणसांचे होते, त्या खोलीचे नव्हते. दिवसभराच्या उन्हानंतर एकमेकांना हसवण्याची ताकद त्यांनी कमावली होती. आम्ही त्या कमाईचे श्रेय गरिबीला देऊन टाकले.

मग कनाअतीचे काय? लहानपणापासून हा शब्द आमच्या कानावर आहे. आहे त्यात समाधान मानावे, हाव धरू नये, हे आजही खरे वाटते. पण हा धडा ज्याने त्याने स्वतःला शिकवायचा असतो. आम्ही आमच्या पगारात समाधान मानले तर ती कनाअत. दुसऱ्याच्या अपुऱ्या मजुरीत आम्ही समाधान मानले तर ती कनाअत नव्हे, ती आपली सोय. स्वतःकडे पाहताना समाधान आणि दुसऱ्याकडे पाहताना त्याचा हक, एवढा फरक आम्हाला चाळिशीच्या उंबरठ्यावर समजला.

हा फरक न केल्याने काय होते, ते आमच्याच खालापूर तालुक्याने पाहिले आहे. इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी ट्रेकवाल्यांची आवडती. ठाकरांच्या घरी पिठले-भाकरी खायची आणि काय शांत, सुखी माणसे म्हणत खाली उतरायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत पायवाटेने, पावसात चढून गेली. रस्ता नसणे हे इतकी वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या वाडीचे सौंदर्यच वाटत होते.

याच मातीत एक वेगळे पाहणारा माणूसही होऊन गेला. माथेरानचे वकील भाई कोतवाल. त्यांनीही हेच शेतकरी, हेच आदिवासी पाहिले. त्यांच्या साधेपणाचे कौतुक करून ते थांबले नाहीत. सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, शाळा काढल्या. पुढे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. गरिबाच्या घरी जाऊन त्याचे हसू पाहणारे पुष्कळ असतात. त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे विचारणारा एखादाच.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी भट्टीच्या मोसमाआधी उचल घेऊन ती फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि वर्गातली जागा रिकामी होते. सोनापूरचा मुलगा आणि भट्टीवरचा कातकरी यांच्यात समुद्र आहे, पण हिशेब एकच. आधी कर्ज, मग काम.

आम्ही पुन्हा त्या आईकडे गेलो. या वेळी सगळे सांगितले. तिच्या मुलाने परवानगी दिली होती तेवढेच, पण खरे. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "हे आधीच सांगायचं होतं, सर." आम्ही माफी मागितली. धाकट्याबद्दल एवढेच म्हणालो की जायचेच असेल तर दहावी होऊन जाऊ दे. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर ईसीआरची अट लागत नाही. आणि एजंट नोंदणीकृत आहे का, हे आम्ही स्वतः पाहू. अशा एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. खरे तर तोवर आम्हालाही नव्हते. सुखावर व्याख्यान देण्याआधी हा नियम वाचला असता तर बरे झाले असते.

धाकटा सध्या आमच्या वर्गात आहे. गणितात कच्चा आहे, म्हणून संध्याकाळी घरी येतो. पुढे तो जाईलही, कदाचित त्याच खोलीत भावाच्या वरच्या पलंगावर झोपेल आणि आम्ही गेलो तर आम्हालाही हसवील. त्या दिवशी आम्ही पोटभर हसू. पण उठण्याआधी विचारू, "बेटा, कर्ज किती राहिलं?"