तक्रारीचा पत्ता

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेतीन. भाच्याला निकालाच्या आनंदात सॉफ्टी कबूल केली होती. पुण्यातल्या एका साखळी-रेस्टॉरंटमध्ये वीस मिनिटं रांगेत उभं राहून आम्ही काउंटरपाशी पोचलो, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅम, सॉफ्टीचं मशिन बंद आहे. बर्गर, फ्राइज देऊ?”

“हे आधी सांगता येत नाही? कधी सुरू होईल?”

“सॉरी मॅम, सांगता येणार नाही.”

माझं डोकं फिरलं. आवाज चढवून, मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं मी त्याला चार शब्द सुनावले. तो हसतच राहिला, आणि ते हसू मला उद्धटपणाचं वाटलं. घरी येऊन मी त्यांच्या अभिप्रायाच्या पानावर एक तारा दिला. बिल्ल्यावर वाचलेलं त्याचं नावही लिहिलं.

आठवड्याभराने ईमेल आली. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, संबंधित कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई केली आहे, आणि सोबत एका मोफत सॉफ्टीचं कूपन.

‘योग्य ती कारवाई’ म्हणजे काय, ते ईमेलमध्ये नव्हतं. समज दिली असेल, पगार कापला असेल, कामावरून काढलं असेल. कदाचित काहीच केलं नसेल, ग्राहकाला बरं वाटावं म्हणून छापलेलं ते वाक्य असेल. पण माझ्या शब्दावरून कुणाला तरी शिक्षा आणि मला आइस्क्रीम, हा हिशेब काही पचेना. तक्रार खोटी होती का? नव्हती. रांग खरी, वाया गेलेली वीस मिनिटं खरी, भाच्याचा पडलेला चेहराही खरा. मग टोचत काय होतं?

टोचणी लागली म्हणून सॉफ्टीच्या मशिनबद्दल वाचलं. त्यातलं मिश्रण दुधाचं, म्हणजे नासणारं. मोठ्या साखळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही मशिनांमध्ये ते रोज बाहेर काढून टाकत नाहीत; मशिनच ते साधारण 66 अंश सेल्सियसपर्यंत तापवतं, अर्धा तास तसंच ठेवतं आणि पुन्हा थंड करतं. या सगळ्याला चारेक तास लागतात, म्हणून ते रात्री चालतं. मिश्रणाची पातळी कमी-जास्त झाली किंवा मध्येच वीज गेली, की ती फेरी फसते आणि मशिन स्वतःला कुलूप लावून घेतं. मग परत पहिल्यापासून. अमेरिकेत तर ही मशिनं दुकानदारानेही उघडायची पंचाईत होती. त्यांचं डिजिटल कुलूप तोडणं तिथल्या कॉपीराइट कायद्यात बसत नव्हतं. ती सवलत मिळाली ऑक्टोबर 2024मध्ये. एका तरुणाने तर कुठल्या शाखेतलं मशिन बंद आहे ते दाखवणारी ‘मॅकब्रोकन’ नावाची वेबसाइटच 2020मध्ये काढली होती.

त्या दिवशी आमच्या मशिनला नेमकं काय झालं होतं, मला माहीत नाही. पण ‘सांगता येणार नाही’ हे मला टाळाटाळीचं वाटलेलं उत्तर कदाचित त्या काउंटरवरचं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य होतं. मशिन त्याचं नव्हतं, ते उघडण्याचा अधिकार त्याचा नव्हता, रांगेच्या तोंडाशी पाटी लावायची की नाही हेही बहुधा त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात होतं ते फक्त हसणं. आणि मी नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं.

हे हसणं हेही कामच असतं. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983मध्ये हवाईसुंदरींच्या कामाबद्दल लिहिताना त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. पगारासाठी हातपाय राबवतात तशा भावनाही राबवायच्या. राग आला तरी चेहरा प्रसन्न ठेवायचा. सॉफ्टीच्या किमतीत ते हसू धरलेलं असतं. माझ्यासमोर तो मुलगा नेमून दिलेलं काम चोख करत होता, आणि मी त्याला उद्धट म्हणत होते.

पुणेरी दुकानदाराच्या तुसडेपणावर आपण पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले. तो दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचा आणि तशी पाटी लावायचा. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायचा. पण गल्ल्यावर बसलेला माणूसच मालक असायचा. तुम्ही बोललात तर तोही बोलायचा. भांडण बरोबरीचं होतं, आणि तक्रार तिच्या पत्त्यावर पोचायची. तो तिला केराची टोपली दाखवायचा, हा भाग वेगळा. आता काउंटरवर कंपनीचा फक्त चेहरा असतो. तिचे कान दुसऱ्याच कुठल्या शहरात असतात आणि हात त्याहून लांब. तक्रार पोचते ती चेहऱ्यापर्यंत.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, “मग काय, गप्प बसायचं? ग्राहकाने मुकाट्याने सोसायचं, कारण समोरचा गरीब आहे?” तिचं चूक नाही. गप्प बसण्याचा फायदा त्या मुलाला होत नाही, कंपनीला होतो. शिवाय काउंटरवरची माणसं कधी कधी खरंच उर्मट असतात. तेव्हा तसं म्हणणं म्हणजे त्यांना जबाबदार माणूस समजणं. दया दाखवून सगळं माफ करणं हाही एक प्रकारचा अपमानच.

कांटने 1785मध्ये सांगितलं, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नका. त्यातला ‘केवळ’ महत्त्वाचा आहे. काउंटरवरचा माणूस माझ्या सॉफ्टीचं साधन असतोच, त्यात पाप नाही. पाप तिथे सुरू होतं, जिथे तो माझा राग काढण्याचंही साधन होतो. माझ्या ताऱ्यात रांगेची गैरसोय किती होती आणि भाच्यासमोर, रांगेसमोर माझं वजन दाखवण्याची हौस किती होती, हे मी प्रामाणिकपणे तपासलं तेव्हा उत्तर फारसं शोभणारं नव्हतं. शंभराच्या आतल्या खरेदीवर मिनिटभराची मालकी मिळते, आणि तिची चटक लागते.

गंमत म्हणजे कायद्याला हा पत्ता आपल्याहून नीट ठाऊक आहे. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा ‘सेवेतील त्रुटी’बद्दल दाद मागू देतो ती सेवा पुरवणाऱ्या आस्थापनेकडे. काउंटरवरच्या पोराचं नाव तिथे लागत नाही. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही त्यासाठीच आहे. अभिप्रायाच्या पानावर मात्र प्रश्न असतात ते असे: कर्मचारी हसतमुख होता का? त्याने आपलं स्वागत केलं का? ‘मशिन बंद असल्याची पाटी दाराशी होती का’ हे कुणी विचारत नाही. प्रश्नच असे घातलेले, की उत्तर खालच्या माणसावर जाऊन पडावं. आणि आपणही ते हौसेने भरतो.

मी त्या ईमेलला उत्तर लिहिलं. चूक त्या मुलाची नव्हती, तो सभ्यपणे वागला, कारवाई केली असेल तर मागे घ्या. तक्रार पाटी न लावल्याबद्दल आहे, ती तुमच्याकडे आहे. उत्तर आलं नाही. नंतर दोनदा तिथे गेले, तो दिसला नाही. सुट्टी असेल, पाळी बदलली असेल. काउंटरवरच्या मुलीला विचारावं असं दोन्ही वेळा वाटलं, आणि दोन्ही वेळा मी नुसतीच कॉफी घेऊन बाहेर पडले. कूपनची मुदत तीस जूनला संपली.