कोणाचा चहा गार होतो?

घरात रोज कोणाचा चहा गार होतो, हे बघितलं की त्या घराविषयी बरंच काही कळतं. तुमच्या घरी एक दिवस लक्ष ठेवून बघा. चहा एकाच पातेल्यात उकळतो, एकाच गाळणीतून गाळला जातो, सगळ्यांचे कप एकदमच भरले जातात. तरी त्यातला एक कप ओट्यावर तसाच राहतो, त्यावर साय धरते. तो कप बहुतेक दिवस एकाच माणसाचा असतो.

आमच्या घरी तो आईचा असतो. आजी 82 वर्षांची आहे आणि तिला स्मृतिभ्रंश आहे. साडेचारला चहा होतो आणि नेमकी त्याच सुमारास तिची घालमेल सुरू होते. "दिवे लागले का गं?" असं ती दर पाच मिनिटांनी विचारते, उठून दाराकडे जाते, आणि आई तिच्यामागे जाते. परत आल्यावर आई तो गार चहा उभ्याउभ्या पिऊन टाकते. गरम करून देतो म्हटलं तर म्हणते, "असू दे रे, गार झाला तरी चहाच आहे तो."

म्हणून मी टीकोझी विणायला घेतली. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: चहाच्या किटलीला घालायची टोपी. ही मूळची इंग्रजांच्या चहाची वस्तू. त्यांचा चहा किटलीत मुरतो, मग गप्पा मारत दोन-तीनदा ओतून घेतला जातो, त्यामुळे किटली गरम राहायला हवी. आपण चहा उकळतो, गाळतो आणि लगेच पितो. तरी मागच्या पिढ्यांमधल्या कित्येक मराठी घरांत भरतकाम केलेली कापडी टीकोझी असायची. ती पाहुणे आले की कपाटातून बाहेर यायची. म्हणजे टीकोझी आपल्याकडे आली ती पाहुण्यांचा चहा गरम राहावा म्हणून. घरच्या बाईचा चहा गरम राहावा म्हणून ती कोणी काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

विणायला ती सोपी आहे. दोन सुलट, दोन उलट अशी वीण घातली की स्वेटरच्या काठासारखी ताणली जाते आणि किटलीच्या पोटाला चिकटून बसते. दोन बाजू वेगवेगळ्या विणायच्या, वर दोन-दोन टाके एकत्र घेत निमुळत्या करत न्यायच्या, मग तोटी आणि कान यांच्यासाठी फटी ठेवून शिवायच्या. दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असतं, तेही चालतं. कारण ऊब धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे टिकते. हवा एका जागी थांबली की उष्णता तिच्यातून फार सावकाश बाहेर जाते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. टीकोझी चहा गरम करत नाही. तो गार होणारच असतो, ती फक्त त्याला उशीर लावते. शिवाय हे काम थर्मास जास्त चांगलं करतो. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये दुहेरी भिंतींचा निर्वात फ्लास्क बनवला, तेव्हाच खरं तर टीकोझी हरली. आमच्याकडेही थर्मास आहे. पण त्यात बराच वेळ राहिलेल्या दुधाच्या चहाला एक कोंदट वास येतो आणि आईला तो आवडत नाही. मला तिचा चहा अर्धा तास टिकवायचा होता, दिवसभर नाही.

अर्धी टीकोझी झाली होती तेव्हा एक मैत्रीण घरी आली. कशासाठी विणतोय ते ऐकून तिने विचारलं, "म्हणजे काकूंनी रोज उशिराच चहा प्यायचा, हे तू आता पक्कं करतोयस का?"

तिचा प्रश्न माझ्या टीकोझीपुरता नाही. एखाद्यावर अन्यायाने पडलेलं ओझं आपण थोडं हलकं केलं, तर त्या माणसाला मदत होते, की ते ओझं त्याच्याच डोक्यावर राहायची सोय होते? ऑस्कर वाइल्डने 1891 मध्ये समाजवादावरच्या एका निबंधात हाच मुद्दा फार कठोरपणे मांडला होता. त्याच्या मते सर्वांत वाईट गुलाममालक म्हणजे गुलामांशी दयाळूपणे वागणारे. कारण त्यांच्या दयेमुळे त्या व्यवस्थेचं भयानक रूप झाकलं जायचं.

आमचं घर म्हणजे काही गुलामगिरी नव्हे. बाबा वाईट नाहीत, ते फक्त गरम चहा पितात. पण आकडे बघितले तर हा प्रकार आमच्याच घरापुरता नाही हे कळतं. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी 299 मिनिटं त्यात जात होते, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 97. त्यातही मुळात घरकामाला हात लावणाऱ्या बायका शंभरातल्या 81 होत्या आणि पुरुष 26. घरातल्या माणसांची सेवा-शुश्रूषा यात वेगळी मोजलेली आहे आणि तिथेही बायकांचाच वेळ जास्त जातो. एवढी मोठी तफावत एका लोकरी टोपीखाली झाकता येते का? झाकावी का?

वाइल्डचं म्हणणं मला अर्धं पटतं. दयेमुळे अन्याय सुसह्य होतो आणि सुसह्य गोष्ट कोणी बदलायला जात नाही, हे खरं आहे. मदर्स डेला मिक्सर भेट देणारी घरं आपण बघितली आहेत. पण त्याच्या तर्काची दुसरी बाजू अशी, की दुःख उघडं पडावं म्हणून दुःख भोगणाऱ्याने आणखी भोगावं. आईने आणखी वर्षभर गार चहा प्यावा, म्हणजे आमचे डोळे उघडतील! आमच्या शहाणपणाची किंमत तिने का मोजायची? घरातल्या कामाची वाटणी न्यायाने होईल तेव्हा होईल, चहा मात्र आज साडेचारला गार होणार आहे.

मग दिलासा आणि फसवणूक यातला फरक ओळखायचा कसा? मला वाटतं, दिलासा देणाऱ्याने पुढे काय केलं हे बघावं. भेट दिली आणि आपण मोकळे झालो असं वाटलं, तर ती भेट आपण स्वतःलाच दिलेली असते. भेट दिल्यावर त्या माणसाची अडचण आधीपेक्षा जास्त नीट दिसायला लागली, तर ती खरी. विणकामाचा इथे एक अनपेक्षित उपयोग झाला. विणताना हात गुंतलेले असतात, फोन हातात घेता येत नाही. साडेचार ते साडेपाच मी स्वयंपाकघरात विणत बसायचो आणि आई त्या तासात किती वेळा उठते ते मोजायचो. एके दिवशी ती अकरा वेळा उठली. एवढी वर्षं त्याच घरात राहून हा आकडा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

टीकोझी पूर्ण झाली तेव्हा मी तो आकडा बाबांना सांगितला. भांडण झालं नाही. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "शनिवार-रविवार मी बघतो आईकडे." बाकीचे दोन दिवस मी घेतले. पहिल्या शनिवारी आजी बाबांना म्हणाली, "तुम्ही कोण? माझ्या सुनेला बोलवा." ते तिच्याशेजारी बसून राहिले. वीस मिनिटांनी स्वयंपाकघरात आले, किटलीवरची टोपी काढून चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "बरा गरम आहे की!" आईचा कप तोवर रिकामा झाला होता.

आठवड्याचे तीन दिवस अजूनही आईकडेच आहेत, हे विसरून चालणार नाही. हा न्याय पुरा नाही. आणि टीकोझी अर्ध्या-पाऊण तासापलीकडे टिकत नाही, लोकर कितीही जाड घेतली तरी. दिलाशाची मुदत एवढीच असते. तेवढ्या वेळात कोणीतरी उठून आजीजवळ जाऊन बसायला हवं.